बिनमात्रेच्या सात खुणा

पहाटे साडेपाच

गळीत हंगाम चालू आहे. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्रभर घराखालून जातात. त्या आवाजाची आता सवय झाली आहे, आज जाग आली ती वेगळ्याच कारणाने. झोपेतही मी अक्षरं मोजत होते.

गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे एका पोथीच्या दोन पानांचे फोटो आहेत. दोन पानं, चार बाजू, प्रत्येक बाजूस नऊ ओळी. हातकागद, काळी शाई, शीर्षकं हिंगुळाने लाल. ज्या घरातून ती आली त्या घरातल्या एका आजींनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला होता. त्याच गाठोड्यातली बाकीची पानं सकळ लिपीत आहेत आणि ती लागली. ही दोन लागत नाहीत.

महानुभावांच्या सांकेतिक लिप्या बऱ्याच आहेत. सुंदरी, पारमांडल्य, अंकलिपी, वज्रलिपी अशी त्यांची नावं. सर्वांत जास्त वापरात होती ती सकळ. चौदाव्या शतकात रवळोबासांनी ती सिद्ध केली असं पंथ मानतो. पंथाबाहेरच्या विद्वानांना तिचा उलगडा व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. ते श्रेय इतिहासाचार्य राजवाड्यांना दिलं जातं. पुढे १९७० मध्ये रेसाइड या लंडनच्या अभ्यासकाने तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. म्हणजे सहाशे वर्षांचं मराठी गद्य आपल्याच गावांत, आपल्याच माणसांच्या कपाटांत होतं आणि शेजाऱ्याला त्यातली एक ओळ वाचता येत नव्हती.

दिवा लावून वही उघडली. काल रात्री जिथे थांबले होते तिथे पेन्सिलीने लिहिलं आहे: «सात खुणांना मात्रा कधीच नाही. का?»

सात

चहा. सासूबाईंना वहीतली चित्रं दिसली. मी खुणांना नावं ठेवली आहेत, कारण ओळख नसलेल्या गोष्टीला नाव दिल्याशिवाय तिच्याशी बोलता येत नाही. एक त्रिशूळ, एक नांगर, एक सूप, एक विंचू.

सासरे तारखात्यात होते. सासूबाई म्हणाल्या, “अगं, लग्नाच्या तारेत नुसता आकडा टाकायचे. शब्दाला पैसे पडायचे ना. आकडा इकडून गेला की तिकडे पोस्टात अख्खं वाक्य छापून द्यायचे, शुभाशीर्वादाचं.”

मी कप तसाच हातात धरून बसले. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण ही गोष्ट मला ठाऊक होती. ठाऊक असूनही मी ती या पानांशी कधी जोडली नव्हती. त्या आकड्यात लपवालपवी कसलीच नव्हती. ज्याच्याकडे यादी नाही त्याला मात्र तो आकडा गूढच वाटला असता.

साडेनऊ

हे माझं पोटापाण्याचं काम. मोडी कागदांचं देवनागरीत लिप्यंतर. कुणबी नोंदी शोधायचं काम २०२३ पासून सुरू झालं तेव्हापासून मोडी वाचणाऱ्याकडे माणसं येतच राहिली आहेत. आज नेवाशाकडचे एक शेतकरीदादा वाटणीपत्र घेऊन आले होते. घडीवर कागद फाटलेला, आत तांदळाच्या दाण्यासारखी बारीक, सलग अक्षरं.

मी वाचत गेले. मौ॥ म्हणजे मौजे. क॥ म्हणजे कसबे. प॥ म्हणजे परगणे. प्रां॥ म्हणजे प्रांत. दादा बोटाने एकेका अक्षरावर थांबत होते. “ताई, इथं तर एकच अक्षर आहे. तुम्ही पुरा शब्द कुठून काढला?”

“पुढं गावाचं नाव आहे ना दादा. गावाच्या आधी मौजेच येणार.”

हे बोलले खरी, पण ते माझ्याच कानांनी नव्याने ऐकलं. कारकुनाने अक्षर वाचवलं ते वेळेसाठी आणि कागदासाठी. वाचणाराही त्याच्याच कचेरीतला, मौजे कुठे येतं हे त्याला सांगावं लागत नव्हतं. लपवण्यासाठी लिहिलेलं आणि थोडक्यात उरकण्यासाठी लिहिलेलं, दोन्ही काही पिढ्यांनंतर सारखंच दिसतं. तीन महिने मी या दोन पानांना कुलूप समजून किल्ल्या लावत होते. त्यात कुलपाबरोबर घडीही असली तर? घडी किल्लीने उघडत नाही.

दादांचं काम संपायला अकरा वाजले. आजोबांचं नाव सापडलं. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि कागद परत कापडात गुंडाळला.

अकरा

टेबल रिकामं केलं. चौकड्यांचा कागद, तांबडी पेन्सिल, फोटोंच्या मोठ्या प्रती.

अक्षराऐवजी अक्षर ठेवायची युक्ती आपल्याकडे फार जुनी. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत म्लेच्छितविकल्प ही एक कला आहे, आणि टीकाकार यशोधराने तिचे प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या मूलदेवीय प्रकारात अक्षरांच्या जोड्या लावून त्यांची अदलाबदल करतात. न आणि म, ख आणि ग, र आणि ष, त आणि प. त्या रीतीने «नगर» लिहायचं तर «मखष» होतं. «मन»चं «नम» होतं, «तप»चं «पत». दिवाळीत मी ही जोडी लावून पाहिली होती, बसली नाही. सकळेची तर आधीच लावली होती.

अशी लिपी फोडायचा राजमार्ग मोजणीचा. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीने तो लिहून ठेवला: भाषेत काही अक्षरं वारंवार येतात, काही क्वचित, वेष बदलला तरी वारंवार येणारं वारंवारच येतं. मी मोजलं होतं. सगळ्यांत जास्त आला तो त्रिशूळ. मी त्याला त, मग र, मग स ठरवून पाहिलं. तीन महिन्यांतले दोन त्यातच गेले.

आज सात खुणा वेगळ्या काढल्या. बाकीच्या सगळ्या चिन्हांना कुठे ना कुठे काना, वेलांटी, मात्रा लागते. मात्रा देवनागरीच आहेत, त्या बदललेल्या नाहीत. या सातांना कधीच काही लागत नाही. मराठीत वारंवार येणारं पण ज्याला कधी काना नाही, कधी वेलांटी नाही, असं व्यंजन दाखवा! नाही. म्हणजे त्रिशूळ हे अक्षरच नव्हे. एक तर तो अख्खा शब्द आहे, नाहीतर वाचणाऱ्याला चकवण्यासाठी मध्ये पेरलेलं भरताड.

या दोहोंत फरक करता येतो. भरताड कुठेही पडतं, त्याला शेजार नसतो. शब्दाला शेजार असतो. त्रिशुळाचा शेजार तपासणं हे मोठं काम, ते बाजूला ठेवून मी आधी लाल शीर्षकाकडे वळले.

इथे मला प्रिन्सेप आठवला. १८३७ साली सांचीच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख त्याच्यासमोर होते आणि प्रत्येकाच्या शेवटी तीच दोन अक्षरं होती. देवळात लोक काय कोरून ठेवतात? दिलेलं दान. त्याने शेवट «दानं» धरला आणि तिथून ब्राह्मी उलगडत गेली. लिपीपेक्षा त्याने माणसांच्या सवयीचा विचार आधी केला.

माझ्या पानावरच्या लाल शीर्षकात आधी नांगर, मग दोन साधी अक्षरं, मग तीच दोन पुन्हा. पण दुसऱ्या वेळी पहिल्यावर मात्रा आणि दुसऱ्याला ऱ्हस्व वेलांटी. मी हे शंभरदा पाहिलं असेल. आज मोठ्याने म्हटलं: अमुक तमुक, अमे तमि. लीळाचरित्रात, पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींच्या ग्रंथात, शीर्षकं कशी असतात? कुणाची तरी भेट. भेटि! आणि तीच दोन अक्षरं आधी उघडी, म्हणजे भट. «भट भेटि». कुणा भटाची भेट.

खुर्ची मागे सरकवून मी उभी राहिले आणि खिडकीपर्यंत जाऊन आले.

मग तपासणी. भ आणि ट मिळाले असतील तर स्वामींच्या शिष्याचं, नागदेवाचं नाव सापडलं पाहिजे, भटोबास. लीळांत ते नसणं अवघड. «भटो» दोन ठिकाणी सापडलं. पण दोन्हीकडे पुढच्या अक्षराला काना नाही, म्हणजे बा नाही. भटोबास नाही. पायरी सापडली असं वाटावं आणि पाय पोकळीत जावा, तसं झालं. एक वाजेपर्यंत त्या पोकळीतच होते.

आणि एक मोह. हे भट कोण? माझं मन लगेच म्हणालं, म्हाइंभट. चक्रधरस्वामींच्या लीळा माणसामाणसांकडून गोळा करून लिहिणारे म्हाइंभट, आमच्याच भागातल्या सराळ्याचे. इथली पोथी, इथला माणूस, किती छान बसतं! म्हणूनच या नावाला मी आज वहीत जागा दिली नाही. लीळाचरित्रात भट पुष्कळ आहेत.

दोन

वाटेत. डोमेग्रामच्या आश्रमात तोंडी लीळा ऐकायला निघाले आहे. डोमेग्राम म्हणजे आजचं कमालपूर, आमच्याच तालुक्यात गोदावरीकाठी. चक्रधरस्वामींचा इथे मुक्काम होता. स्कूटरवरून जाताना दोन्हीकडे तोडणी चाललेली, वाढ्यांचे भारे डोक्यावर घेऊन बाया रस्ता ओलांडतात. पाचटाचा धूर अंगाला लागतो.

या पंथातली एक गोष्ट मला दरवेळी अडवते. केसोबास आणि पंडित दामोदर हे संस्कृतात घडलेले विद्वान. नागदेवाचार्यांनी त्यांना मराठीतच बोलायला-लिहायला सांगितलं, कारण स्वामींच्या मागे आलेल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. आणि काही दशकांत त्याच पंथाने तीच मराठी कुणाला वाचता येऊ नये म्हणून लिपीत बंद केली. हा विरोध आहे असं मी तरुणपणी वर्गात ठासून सांगत असे. आता तसं वाटत नाही. ज्यांची मूळ पोथीच धाडीत गेली, त्यांची भीती आपण घरात बसून तोलू नये. लीळाचरित्राची मूळ प्रत खालशाच्या धाडीत नाहीशी झाली आणि हिराईसा या शिष्येला ते पाठ होतं म्हणून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असं परंपरा सांगते. त्या माणसांचा भरवसा कागदापेक्षा पाठांतरावर जास्त होता. पुढे पंथ पंजाबात गेला, पेशावर-काबूलपर्यंत गेला, तिथे जयकृष्णी म्हणून ओळखला गेला, आणि पोथ्याही बरोबर गेल्या.

तीन

“दंडवत प्रणाम.”

“दंडवत प्रणाम, ताई. पाणी घ्या आधी.”

आश्रमातल्या या तपस्विनी बाई ऐंशीच्या पुढच्या. डोळ्यांनी आता वाचवत नाही. त्यांना सांकेतिक लिपी येत नाही, कधीच येत नव्हती, हे मला माहीत होतं. मी लिपीसाठी आले नव्हते. मी विचारलं, “बाई, कुणी भट स्वामींच्या भेटीला येतो अशा लीळा सांगाल? जशा मुखात आहेत तशा. आणि मी आवाज भरून घेतला तर चालेल?”

त्यांनी महंतबाबांना विचारून यायला सांगितलं. बाबांनी होकार दिला, वर म्हणाले की वाचून झालं की आम्हालाही एक प्रत आणून द्या.

बाईंनी भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि सुरू झाल्या. पहिली लीळा मी नुसती ऐकली. दुसरीत माझी पेन्सिल थांबली. बाई प्रत्येक शब्द स्पष्ट म्हणतात, म्हातारपणी दात नसतानाही. पण एका ठिकाणी त्यांची जीभ धावते. सर्वज्ञें म्हणितलें. लीळेत स्वामी बोलायला लागले की हे दोन शब्द आलेच, आणि बाईंच्या तोंडून ते दोन राहत नाहीत. एकच गोळा होतो, श्वासाएवढा, आणि लगेच पुढचा बोल स्वच्छ, सावकाश उमटतो.

तिसऱ्या लीळेत मी फक्त ते गोळे टिपले. कागदावर नुसत्या रेघा.

थांबल्यावर विचारलं, “बाई, सर्वज्ञें म्हणितलें हे तुम्ही इतकं पटकन का म्हणता?”

त्यांना प्रश्नच नवा होता. थोडा वेळ तेच शब्द स्वतःशी पुटपुटल्या. “सारखं येतं ना ते. तोंडातून आपसूक जातं. जीव पुढच्या बोलावर असतो, ताई.”

मी फोटो काढून त्रिशुळावर बोट ठेवलं, पण त्यांना ते दिसत नव्हतं. मग त्यांच्या तळहातावर बोटाने आकार काढला, तीन टोकं आणि एक दांडा. त्या हसल्या, म्हणाल्या, “मला नाही कळत हे.” आणि हात जोडले.

सहा

अंधार पडायच्या आत श्रीरामपूर. भाजी घेतली. रेल्वे स्टेशनावरून आले. शहर श्रीरामपूर आणि स्टेशनाची पाटी अजून बेलापूर, नव्या माणसाला इथेही उलगडा करून द्यावा लागतो.

आठ

मुलाचा फोन. पुण्यात संगणक शिकतो. मी दिवस सांगितला तशी त्याची झोपच उडाली.

“आई, तू हफमन सांगते आहेस!” मग त्याने समजावलं. फाइल लहान करताना जे वारंवार येतं त्याला सगळ्यांत आखूड खूण द्यायची, क्वचित येतं त्याला लांब खूण चालते. डेव्हिड हफमन हा विद्यार्थी होता, परीक्षेऐवजी निबंध लिहिण्याची मुभा मिळाली आणि त्यातून ही रीत निघाली. १९५२ साली छापली गेली. तारेच्या कट्ट-कडकट्टमध्येही तेच, इंग्रजीत सर्वांत जास्त येणाऱ्या अक्षराला एकच टिंब.

“आणि दाबलेली फाइल वरून बघितली तर काहीच कळत नाही. गोंगाट वाटतो. कारण पुन्हा पुन्हा येणारं सगळं आधीच काढून टाकलेलं असतं.”

हेच माझ्या पानांचं झालं होतं. उलगडा करणाऱ्याचं सगळं भांडवल भाषेच्या पुनरुक्तीत असतं. गणितज्ञ शॅनन यांनी १९४९ मध्ये हे गणिताने मांडलं: मजकुरात पुनरुक्ती जितकी कमी, तितका संकेत फोडायला मजकूर जास्त लागतो. लेखकाने आधी घडी घातली आणि मग लिपी बदलली, तर मोजणी आंधळी होते. जे वाक्य सगळ्यांत जास्त वेळा येतं म्हणून मी शोधत होते, तेच एका खुणेत गिळलं गेलं होतं. आणि मी त्या खुणेला त, र, स अशी अक्षरं चिकटवत बसले होते.

पानिपताची बातमी सावकाराच्या पत्रातून आली तेव्हा त्यात मोती, मोहरा आणि खुर्दा होता. एका ओळीत अख्खी लढाई. ते पत्र आपण शाळेत गुप्त भाषा म्हणून शिकलो, पण पेढीवरच्या माणसाला त्यातली एकेक गोष्ट किती जड होती ते उलगडून सांगावं लागलं नसेल.

“मग मी मोजायचा प्रोग्रॅम लिहून देऊ?” तो म्हणाला.

“दे. पण आधी मला हाताने करू दे.”

साडेनऊ

शेजार तपासला. चार बाजूंवरचे सगळे त्रिशूळ तांबडे केले, सगळे नांगर निळे. मग लांब धरून पाहिलं.

तांबडा, निळा, तांबडा, निळा. दुसऱ्या बाजूच्या मध्यापासून तिसऱ्या बाजूच्या शेवटापर्यंत, क्वचित एखादा खंड सोडला तर, एकाआड एक. भरताड असं पाळीपाळीने येत नाही. हे दोघांचं बोलणं आहे. त्रिशूळ म्हणजे सर्वज्ञें म्हणितलें. नांगर म्हणजे जो भेटीला आला आहे, तो.

मग दुपारी टाकून दिलेले दोन «भटो» काढले. दोन्हींच्या लगेच आधी त्रिशूळ! भटोबास तिथे कधी नव्हताच. स्वामी समोरच्याला हाक मारत आहेत: भटो. बाईंच्या आवाजातली दुसरी लीळा लावली. गोळा, लगेच «भटो», आणि मग सावकाश पुढचं. तेच.

मी आवाज तीनदा लावला. बाईंची जीभ जिथे धावते तिथे या लिहिणाऱ्याचा हात आखडला आहे. तो लिहिणाराही हे मुखाने म्हणणाराच होता. लिपीत त्याने मजकूर इतरांपासून लपवला असेल, पण ही सात चिन्हं त्याने कुणापासून लपवलेली नाहीत. ती ज्याला पाठ आहे अशा सोबत्यासाठी आहेत, त्या सोबत्याला इतकं पुरतं. मी इतके दिवस त्याला चतुर समजत होते. आज तो मला घाईत दिसला, पुढच्या बोलाकडे निघालेला.

पावणेअकरा

उरलेलं लिहून ठेवते. भ, ट मिळाले. त्रिशूळ मिळाला. भ आणि ट जिथे जिथे आहेत तिथले शब्द उद्यापासून भरता येतील. सूप, विंचू आणि बाकी तीन खुणा तशाच आहेत. सूप नेहमी वाक्याच्या आरंभी येतं, ते «मग» असेल, पण अजून शाईने लिहिलेलं नाही.

नांगर बसत नाही. संवादात तो एकटा उभा आहे, म्हणजे त्यात नाव आणि म्हणितलें दोन्ही सामावलेले असावेत. शीर्षकात मात्र त्याच्या पुढे भट सुटा लिहिला आहे, म्हणजे तिथे तो भटाआधीचा तुकडा आहे. म्हाइं बसेल. दुसरी दोन-तीन नावंही बसतील. एकच खूण दोन ठिकाणी दोन मापांची असू शकते का, मोडीत तर असते. क॥ कुठे कसबे होतं, कुठे दुसरंच काही.

महंतबाबांसाठी प्रत करायला घ्यायची आहे. शीर्षकाच्या ओळीत नांगराच्या जागी चौकोन काढला, आत काही लिहिलं नाही, आणि त्यापुढे «भट भेटि» शाईने लिहिलं. सकाळी नऊला पाथर्डीकडचे एकजण दोन खरेदीखतं घेऊन येणार आहेत. भिंग पुसून ठेवलं.